संग्राहक : स्थानिक शिक्षिका

४ फेब्रुवारी

चि. चिमटीस,

आशीर्वाद या खेपेस राखून ठेवले आहेत. कारण पुढे वाचशील.

फोनवरच भांडले असते, पण कानातल्या यंत्रातून तुझा आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा येतो, आणि मला जे विचारायचं आहे त्याचं उत्तर नीट कळायला हवं. म्हणून पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे. लिहिलेलं नंतर नाकारता येत नाही.

बंधाऱ्यामागच्या आपल्या रानातून वळणरस्ता जाणार, हे तुला मागे कळवलं होतं. त्याचा अहवाल परवा कार्यालयात वाचायला ठेवला. एकशे बारा पानं. दोन चष्मे बदलून सगळी वाचली. सत्याहत्तराव्या पानावर आहे : ‘रुसवी या नावाने स्थानिक लोकांत परिचित असलेल्या रानफुलाची सदर वनक्षेत्रातून आजवर एकही नोंद नाही. संदर्भ : महाविद्यालयाचा वनस्पतिसंग्रह.’

महाविद्यालयाचा वनस्पतिसंग्रह म्हणजे तू. त्या खोलीची किल्ली एकोणीस वर्षं तुझ्या पर्समध्ये आहे.

एकतीस वर्षं मी दर मार्चला रुसवीचं एक फूल वाळवून शीट केलं. पालवी फुटायच्या आधी जे बारा-पंधरा दिवस ऊन जमिनीपर्यंत पोचतं, तेवढ्यातच ती फुलते, आणि फुलली तरी पायवाटेकडे पाठ करून. माझ्या वर्गानेच तिचं नाव रुसवी ठेवलं. टीपकागदात घालून, दोन फळ्यांमध्ये पट्ट्याने आवळून वाळवायची आणि बसमध्ये मांडीवर धरून तुमच्याकडे आणायची. शेजारचा विचारायचा, “फोटो आहे का कुणाचा?” मी म्हणायची, “हो, आमच्या घरातलीच आहे.”

अहवालवाल्या साहेबाला भेटले. तरुण आहे, बोलायला गोड. म्हणाला, “आजी, तुमच्या शब्दावर विश्वास आहे हो, पण कागदावर काही नाही.” मी म्हटलं, “कागदावर एकतीस वर्षं आहेत.” तो म्हणाला, “मग दाखवा.” बाहेर पडताना त्याचा शिपाई कुणाला तरी म्हणाला, “फूलबाई आल्या होत्या.” हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. असलं ऐकायला यंत्र लागत नाही.

हरकतींची सुनावणी २० मार्चला आहे. ती संपली की झाडांवर खुणा करायला माणसं येणार. माझी एकतीस शीटं कुठे आहेत?

तुझी आत्या


१० फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. आशीर्वाद का राखून ठेवलेस ते समजलं.

पत्र आलं त्याच दिवशी कपाट उघडलं. एकतीसच्या एकतीस शीटं जागेवर आहेत. कीड नाही, बुरशी नाही. डांबरगोळ्या दर सहा महिन्यांनी मी स्वतः बदलते. पहिल्या शीटावरचं फूल आता चहाच्या डागाच्या रंगाचं झालंय, पण मान अजून तशीच वळलेली आहे.

तरीही अहवालात लिहिलंय ते एका अर्थी बरोबर आहे. शीटांच्या लेबलांवर ठिकाण ‘नदीपलीकडची वखार’ असं आहे. सगळ्या एकतीसांवर. म्हणजे कागदोपत्री रुसवी आपल्या रानात सापडलेलीच नाही, नदीच्या पल्याड नऊ किलोमीटरवर सापडली. अहवालवाल्यांनी नोंदी पाहिल्या आणि दिसलं ते लिहिलं.

हे कसं झालं असावं याचा शोध घेतला जात आहे. जुन्या नोंदी उतरवून घेताना अशा चुका होतात. तुझी टिपणवही असेल तर पाठव. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, विचारणं माझं काम आहे : नमुने देताना ठिकाण तूच तसं लिहिलं नव्हतंस ना?

आणखी एक. जुन्या लेबलांमागे तरी कशाला लागायचं? महिन्याभरात फुलं येतील. त्या साहेबाला हाताला धरून ने आणि दाखव. एका फुलापुढे त्याची एकशे बारा पानं टिकायची नाहीत.

तुझी
चिमटी


१४ फेब्रुवारी

चिमटे,

‘शोध घेतला जात आहे.’ कोण घेतंय गं? वर्गात कुणी यायचं, “बाई, काच फुटली.” मी विचारायची, “फुटली की फोडली?” तोच प्रश्न तुला.

मी वखार लिहिलं? त्या वखारीत मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. माझी लेबलं कशी होती ते विसरली असशील तर सांगते. परीक्षेच्या उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर, शिसपेन्सिलीने. शाई ओलीत पसरते, शिसं पसरत नाही. किती पावलं, कुठल्या दगडापासून, कुठल्या अंगाला, किती झाडं, त्या दिवशी काय झालं, सगळं. रानाला नाव नाही म्हणून तर मी पावलं मोजायची. माझं लेबल वाचून आंधळाही त्या जागी पोचला असता.

टिपणवही वाळवीने खाल्ली. पुठ्ठे उरलेत, हवे तर पाठवते. तुला काय, पुठ्ठ्यांवरही डांबरगोळ्या ठेवशील.

साहेबाला कुठे न्यायचं आणि काय दाखवायचं ते मी बघीन. उताराला माझे गुडघे बोलतात, तुझं काय जातंय सांगायला. तू विचारल्याचं उत्तर दे. शीटावर आत्ता जी लेबलं आहेत, ती कुणाच्या हातची आहेत? प्रश्न एका ओळीचा आहे.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

एका ओळीचं उत्तर : लेबलं टाइप केलेली आहेत आणि ती मी टाइप केली आहेत.

हे एवढं लिहायला दहा दिवस लागले. चार मसुदे केले. प्रत्येकात ‘लेबलं बदलली गेली’ असं यायचं आणि मला तुझी फुटलेली काच आठवायची.

अकरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, तपासणी समिती यायची होती. तेव्हाच्या विभागप्रमुख सरांनी फर्मान काढलं की हाताने लिहिलेली सगळी लेबलं काढून एकसारखी छापील लावायची. दोन महिन्यांत तीन हजार शीटं. लेबलाच्या नव्या नमुन्यात ठिकाणाचा एक रकाना होता : नकाशावर छापलेलं सर्वांत जवळचं नाव. आपल्या रानाला नकाशात नाव नाही, नुसता हिरवा ठिपका आहे. सर्वांत जवळचं छापील नाव वखारीचं. ते मी टाकलं. मध्ये नदी आहे हे मला ठाऊक होतं. लहानपणी तुझ्यामागे ते रान मी पायाखाली घातलं होतं. पण रकान्यात नदीला जागा नव्हती, आणि मीही ती शोधली नाही.

मूळ लेबलं सापडत नाहीत.

सोबत सातव्या शीटाची छायाप्रत पाठवते आहे, फूल नीट आहे हे तुला दिसावं म्हणून. सुनावणीत मी लेखी निवेदन देऊ शकते की ठिकाणाच्या नोंदीत तांत्रिक चूक आहे. पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाला तू बगल दिलीस. यंदाचं फूल दाखवलंस तर या सगळ्याची गरजच पडणार नाही.

तुझी
चिमटी


१ मार्च

चिमटे,

छायाप्रत मिळाली. फूल ओळखलं. त्या वर्षी उतारावरून घसरले होते आणि फळ्या छातीशी धरल्या म्हणून कोपर सोलून निघालं होतं.

मग लेबल वाचलं. वखार माहीत होतीच. त्याच्याखाली लिहिलंय, ‘संग्राहक : स्थानिक शिक्षिका.’

कोण गं ही बाई? आमच्या भागातली दिसते. मला भेटायचंय तिला. एकतीस वर्षं माझ्याच रानात, माझ्याच पावलावर पाऊल टाकून फिरली आणि मला कधी दिसली नाही.

नाव चुकून गळू शकतं, तेवढं मला कळतं. पण गळलेल्या नावाची जागा रिकामी राहते. इथे कुणीतरी खुर्चीत बसून दोन शब्द जुळवले आहेत आणि एकतीस वेळा टाइप केले आहेत. त्याला काय तांत्रिक म्हणायचं? तुझं बारसं मी केलं. तुझ्या हातात पहिला चिमटा मी दिला, पाकळीला बोट लावायचं नाही म्हणून. त्याच हाताने तू मला उचलून बाहेर ठेवलंस.

आणि ‘सापडत नाहीत’ हे कसलं उत्तर? शोधलीस कुठे? तुझ्याकडून टाचणी हरवत नाही, लहानपणापासून रोज डायरी लिहिणारी मुलगी तू. तुझ्या हातून एकतीस कागद हरवत नसतात.

वीस दिवस राहिलेत. तुझं तांत्रिक निवेदन तुझ्या कपाटात ठेव, डांबरगोळीसकट.

आत्या


६ मार्च

ती. आत्यास,

त्या दिवसाची डायरी काढली. लिहिलंय : ‘रुसवीची एकतीस पूर्ण. काम नेटकं झालं. पाठ दुखते आहे.’ मी पाठदुखी लिहिली. जे झालं ते लिहिलं नाही. आता लिहिते.

तुझी शीटं टेबलावर मांडलेली होती. सर आले. त्यांनी एक लेबल उचललं, उलटून मागचे परीक्षेतले जोडाक्षरांचे शब्द पाहिले आणि मग पुढची बाजू मोठ्याने वाचली : ‘पाणवठ्याच्या सपाट दगडापासून वर चाळीस पावलं, ओल्या अंगाला. चौऱ्याऐंशी झाडं. दगडावर बसून डबा खाल्ला. डब्यात एक मुंगळा.’ मग म्हणाले, “मुंगळ्याचंही शीट करा कुणीतरी.” खोलीत सहा जण होतो. सगळे हसले. मी हसले. कुणीतरी विचारलं, “कोण हो ही बाई?” मी म्हटलं, “आहे कुणी स्थानिक शिक्षिका.”

नंतर तेच टाइप केलं. तुझं नाव घातलं असतं तर खाली आडनाव आलं असतं, आणि ते माझंच आडनाव आहे. तेव्हा मी लहान नव्हते, पस्तिशीची होते. सरांचा दबाव होता असं म्हणायची सोय आहे, पण सरांनी ठिकाण बदला म्हटलं होतं. नाव काढा असं कुणीही म्हटलं नव्हतं.

मूळ लेबलं मी केराच्या टोपलीत टाकली. मूळ लेबल कधीही काढायचं नाही, चुकीचं असलं तरी. दुरुस्ती त्याच्या शेजारी चिकटवायची, सही आणि तारीख घालून. हा नियम मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवते. तो तास घेताना माझा आवाज कधी अडखळला नाही, याचीच आता किळस येते.

हे झालं माझं. आता मला विचारू दे, आणि या वेळी मीही रागावलेली आहे.

चार दिवस तुझी शीटं भिंगाखाली पाहते आहे. पहिल्या सव्वीसांवर फूल, देठ आणि पान. शेवटच्या पाचांवर कंदासकट अख्खं झाड, प्रत्येकी एक. कंद कधी काढायचा नाही आणि वीसपेक्षा कमी झाडं असतील तिथे हातच लावायचा नाही, हे मला नवव्या वर्षी तू पट्टी मारून शिकवलंस. एकतिसाव्यानंतर शीट नाही. तेव्हा गुडघ्यांचं कारण दिलंस. मी ते मानलं, कारण मला तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं. पण दर मार्चला तू रानात जातेस हे तुझ्याच पत्रांत असतं. आणि यंदाचं फूल दाखव म्हणून मी दोनदा लिहिलं, तर दोन्हीदा तू विषय बदललास.

मला खोटारडी म्हण, मी आहे. पण आत्या, तू शेवटचं फूल कधी पाहिलंस?

चिमटी


१२ मार्च

चिमटे,

हसलीस.

बाकी सगळं मी अंदाजाने ओळखलं होतं. हसलीस हे ओळखलं नव्हतं. पाच दिवस ते एकच वाक्य वाचते आहे. मुंगळा खराच होता. त्या दिवशी पोरांबरोबर मीही त्याला हसले होते.

आता तुझं उत्तर. सोळा वर्षांपूर्वी तुमच्या संग्रहाचं एक छापील पत्रक आलं. माझ्या पेटीत अजून आहे, त्याला वाळवी लागली नाही. ‘यापुढे मुळासकट, कंदासह पूर्ण वनस्पती नसल्यास नमुना स्वीकारला जाणार नाही.’ खाली संग्रहाच्या वतीने सही. तुझी.

त्या मार्चला रानात सातच झाडं आली होती. वरच्या अंगाला कुणी गुरं घालत होतं, पाणवठाही लवकर आटायचा. सातांना हात लावायचा नाही हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मला वाटलं, भाचीने सही केलेला नियम आहे, आपण मोडला तर तिलाच ऐकून घ्यावं लागेल. आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षं अखंड चाललेलं काम सव्विसाव्या वर्षाला अडलं होतं, त्यात तुझ्याकडून माझं शीट परत येणं मला सहन झालं नसतं. ते वर्ष फुलावर भागवलं, तूही काही बोलली नाहीस. पुढच्या वर्षी पत्रक पुन्हा आलं. मग कंद काढला. पाच वर्षं, पाच कंद. तू म्हणशील पाच कंदांनी रान रिकामं होत नाही. सातांतले पाच गेले की होतं. दोन राहिली होती. पुढच्या मार्चला तीही आली नाहीत.

तेव्हापासून अकरा मार्च झाले. दर वर्षी जाते, दगडावर बसते, खालचा पालापाचोळा हाताने बाजूला करून बघते आणि घरी येते. कुणी विचारलं तर सांगते, आहे, आहे. कालही गेले होते. त्या गोड साहेबाला हाताला धरून काय दाखवू? दगड?

मी तिला जमिनीवरून पुसलं, तू कागदावरून. दोघींचं काम चोख झालं.

२० तारखेला यायचं तर ये, नाही तर नको. आलीस तर तांत्रिक बोलू नकोस. काच फोडणाऱ्याच्या नावासकट बोल.

आत्या


१६ मार्च

ती. आत्यास,

ते पत्रक मला आठवत नाही. सही माझीच असणार. अशी पत्रकं गठ्ठ्याने यायची आणि मी चहा पिता पिता सह्या करायची. तू ते पेटीत जपून ठेवलंस.

आत्ताच्या विभागप्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लेखी दिलं की सुनावणीत संग्रहाच्या वतीने काहीही बोलायचं नाही. तोंडी म्हणाल्या, “तुम्ही एकतीस लेबलांची कबुली द्याल, पण त्या दोन महिन्यांत तुम्ही तीन हजार केली आहेत. उद्या कुणीही म्हणेल, सगळंच खोटं. एका बाईच्या मनाच्या शांतीसाठी मी अख्खं कपाट पेटवू?” त्या अन्यायाने बोलत नाहीत. मनाच्या शांतीसाठीच करते आहे का, हेही स्वतःला विचारलं. डायरीची तीन पानं भरली, उत्तर मिळालं नाही. पण झाडांवर खुणा करायची तारीख माझ्या मनाची वाट बघणार नाही.

येते आहे. संग्रहाच्या वतीने नाही, माझ्या वतीने.

तुलाही विचारतील, फूल आता आहे का म्हणून. काय सांगायचं ते तू ठरव. तुझ्या वतीने मी खोटं बोलणार नाही आणि खरंही बोलणार नाही.

चिमटी


२२ मार्च

चिमटे,

माझ्या यंत्रातली बॅटरी ऐन वेळी गेली. सुनावणी घेणारे मोठे साहेब माझ्याशी बोलायला लागले तेव्हा नुसते ओठ हलताना दिसले. शेवटी त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘फूल आता आहे का?’ मी उभी राहिले आणि सांगितलं, “नाही. यंदा धरून अकरा वर्षं नाही. शेवटचे कंद मीच काढले.” मी मोठ्याने बोलले असणार, कारण मागच्या खिडकीतली माणसंही वळली. मग सगळ्यांची तोंडं हसायला उघडली. तो गोड साहेब फाईल आवरायला लागला. मला वाटलं, संपलं.

मग तू उठलीस. मी तिसऱ्या रांगेत होते, तू पुढे, मला तुझी पाठ दिसत होती. एवढंच पाहिलं : मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोड साहेबाने आवरलेली फाईल पुन्हा उघडली आणि पानं उलटली. हसणारं कुणी राहिलं नाही. तू खाली बसलीस तेव्हा तुझी वेणी सुटत आली होती आणि तू ती नीट केली नाहीस, म्हणजे काहीतरी मोठं झालं असावं.

बाहेर तू माझ्यासमोरून बसकडे गेलीस. थांबली नाहीस. मीही हाक मारली नाही. कारकून म्हणतो, निकाल मिळेल. त्याला विचारलं, “ती काय बोलली?” त्याने हाताने ‘लई लांब’ अशी खूण केली.

शब्दाला शब्द लिहून पाठव. गाळायचं काही नाही.

आत्या


२७ मार्च

ती. आत्यास,

थांबले नाही, कारण थांबले असते तर तू मला जवळ घेतलं असतंस किंवा फटकावलं असतंस. त्या दिवशी मला दोन्ही झेपलं नसतं.

शब्दाला शब्द, त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये लिहून ठेवलेले :

मी म्हटलं, “या एकतीस शीटांवरचं ठिकाण खोटं आहे. ते मी टाइप केलं. ठिकाण खोटं आहे हे मला टाइप करताना माहीत होतं. मूळ लेबलं मी फेकली. ती जिने लिहिली ती माझी आत्या आहे, आणि खोलीत लोक तिच्या लेबलाला हसले तेव्हा मी तिची ओळख सांगितली नाही.”

साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही नात्यातल्या. कशावरून आत्ताच आत्यासाठी खोटं बोलत नाही?”

मी म्हटलं, “यात माझी नोकरी जाऊ शकते. आणि आत्याने तुम्हाला आत्ताच सांगितलं की फूल नाही. तिच्यासाठी खोटं बोलायला ती जागा कुठे ठेवते?”

कुणीतरी हसलं. तुझ्यावर नाही.

तेव्हा साहेबांनी चष्मा काढला. “तुम्हीच म्हणता लेबलं खोटी केली. मग तुमच्या बाकीच्या लेबलांवर तरी मी का विश्वास ठेवावा?”

मी म्हटलं, “ठेवू नका. पण मग सत्याहत्तराव्या पानानेही ठेवायला नको होता. ‘नोंद नाही’ हे या अहवालातलं वाक्य फक्त माझ्या लेबलांवर उभं आहे. त्या रानात मार्चमध्ये जाऊन कुणी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर तारीख दाखवा.”

साहेबांनी अहवालवाल्याला तारीख विचारली. त्याने पानं उलटली. पाहणी ऑगस्टमध्ये झाली होती. ऑगस्टमध्ये रुसवी असली तरी जमिनीखाली असते.

निकाल काल आला. फूल आपल्या रानात होतं हे त्यांनी मान्य केलेलं नाही. नव्हतं, हेही मान्य केलेलं नाही. तो भाग रद्द. पुढच्या मार्चमध्ये, फुलण्याच्या दिवसांत, बाहेरच्या तज्ज्ञांकडून नव्याने पाहणी. तोवर एकाही झाडावर खूण करायची नाही.

इकडे मॅडमनी किल्ली काढून घेतली. तीन हजार शीटं पुन्हा तपासायची आहेत. ती मी तपासायची, पण शेजारी दुसरं कुणी बसणार आणि सही त्याची. शिक्षा योग्य आहे. राग येतो तो एवढ्याचा की ती योग्य आहे.

तुझ्या शीटांपासून सुरुवात केली. तू म्हणशील, ते खोटं लेबल फाडून टाक. फाडणार नाही. एकदा फाडण्याचंच पाप केलं आहे. ते तिथेच राहील आणि शेजारी दुरुस्तीची पट्टी : ‘वरील ठिकाण खोटे. मूळ लेबल मी नष्ट केले.’ खाली तुझं नाव, आडनावासकट, आणि त्याखाली माझं, त्याच आडनावासकट. पट्टीवर ठिकाणापुढची ओळ रिकामी ठेवली आहे. पावलं मला फक्त सातव्या शीटाची आठवतात, ती सरांनी मोठ्याने वाचली म्हणून. बाकीची तुला आठवत असतील तर सांग. नसतील तर रिकामंच राहू दे.

चिमटी


२ एप्रिल

चि. चिमटीस,

तुझं पत्र शेजारणीकडून मोठ्याने वाचून घेतलं, यंत्रात नवी बॅटरी घालून. ‘ती माझी आत्या आहे’ हे दोनदा वाचायला लावलं. तिला वाटलं ऐकू आलं नाही.

तेवढ्याने राग गेला असं समजू नकोस. माझं अक्षर केराच्या टोपलीत गेलंय, ते काही परत येत नाही. तुझाही जाऊ नये. पत्रक छापणाऱ्यावर ठेव, माझ्यावर ठेव. रागाच्या माणसाच्या हातून निदान कामं होतात. तू नुसती पश्चात्ताप करत बसलीस की डायऱ्या भरतील, बाकी काही नाही.

खोटं लेबल राहू दे म्हणतेस ते मला आवडलेलं नाही. पण नियम आहे, आणि नियम मोडून मी एकदा बघितलं आहे. राहू दे.

सोबत एकतीस चिठ्ठ्या आहेत. उत्तरपत्रिका आता मिळत नाहीत, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिल्यात. एकोणीस वर्षांची पावलं खात्रीने आठवली. बारांची आठवली नाहीत. त्यांवर ‘आठवत नाही’ असंच लिहिलंय. अंदाजाने एक पाऊलही टाकलेलं नाही. शेवटच्या पाच चिठ्ठ्यांवर, किती झाडं होती आणि मी काढल्यावर किती राहिली, तेही आहे. सात, सहा, पाच, चार, तीन. वाचून घे आणि चिकटव.

पुढच्या मार्चला ते तज्ज्ञ येतील. त्यांच्याआधी आपण दोघी जायचं. तू चार दिवसांची रजा काढ आणि ये. सपाट दगडापासून वर चाळीस पावलं; माझी आता पन्नास होतील, तू मोजायचीस. पाला मी बाजूला करीन. आली असेल तर हात लावायचा नाही. नसेल आली, तर एका कोऱ्या शीटावर लेबल करायचं : तारीख, जागा, झाडं शून्य, आणि दोघींची पूर्ण नावं. तुमच्या संग्रहात रिकामं शीट घेत नसतील तर घ्यायला लाव. शून्यही पाहिल्याशिवाय लिहायचं नसतं.

शिसपेन्सिल आण. डबा आण.

आशीर्वाद अजून इथेच आहेत. ते पत्राने पाठवायचे नाहीत, समोर आलीस की पाठीवर द्यायचे आहेत. जरा जोरात बसतील.

तुझी आत्या